विषय क्रमांक बारा : लोकशाही राष्ट्रांचा संघ

आमच्या सेक्रेटरीसाहेबांना एकट्यानं चहा मागवता येत नसे. तब्येतीची अडचण नव्हती, अडचण तत्त्वाची होती. "चहा मागवावा असं मी सुचवतो," असं ते खुर्चीतून म्हणायचे आणि मग दुकानभर नजर फिरवत बसायचे. कुणीतरी "अनुमोदन" म्हटल्याशिवाय समोरच्या टपरीकडं हाक जायची नाही. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. म्हणून मी मुद्दाम गप्प बसले. दोन दिवस साहेब बिनचहाचे राहिले. तिसऱ्या दिवशी मलाच तलफ आली आणि मी हळूच "अनुमोदन" म्हणाले. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. नंतर पाहिलं तर लिहिलं होतं, 'विषय : चहा. सूचक : स्वतः. अनुमोदक : टायपिस्टबाई. सर्वानुमते मंजूर.'

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत आमचं सहकारी ग्राहक भांडार आहे. तांदूळ, तेल, साबण, जूनमध्ये वह्या आणि छत्र्या, दिवाळीत उटणं. सभासद नऊशे, त्यातले निम्मे असे की ज्यांना आता जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. साहेब माझ्या आधीपासून सेक्रेटरी होते, आणि किती आधीपासून ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. उंच, किडकिडीत बांधा, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक रबरी शिक्का. निळं पेन कच्च्या मसुद्याला, काळं पेन मंजूर झालेल्या गोष्टींना. शिक्का 'खरी नक्कल' असा होता आणि तो ते कशावरही मारायचे. स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकांवरही मारला होता. व्याह्यांनी विचारल्यावर म्हणाले होते, "पावणं, छापखान्यावर भरवसा ठेवायचा व्हय?"

घरीही तोच कारभार. त्यांच्या बाईसाहेब एकदा तेल न्यायला आल्या होत्या, तेव्हा मी त्यांना विचारलंच.

"भाजी कुठली करायची ते बी ठरावानं असायचं आमच्यात," त्या म्हणाल्या. "मी सुचवायची, सासूबाई अनुमोदन द्यायच्या न्हाईत. मग काय, आठवडाभर वांगं. सासूबाई गेल्या तवापास्नं मीच सुचिवती आणि मीच अनुमोदन देती. ह्यांना सांगू नका."

साहेबांची खरी कीर्ती मात्र वार्षिक सभेतली. विषयपत्रिकेवरचे अकरा विषय ते चार मिनिटांत संपवायचे. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून..." एवढं म्हणेपर्यंत पुढच्या रांगेतून "मंजूर" यायचं आणि साहेब श्वास न घेता दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. पुढची रांग त्यांनीच निवडून बसवलेली असायची, सगळे खड्या आवाजाचे. मागच्या रांगांचं लक्ष दाराकडं, कारण दाराशी सभासदांना भेट म्हणून स्टीलचे डबे ठेवलेले आणि दारापलीकडं मसालेभाताचं पातेलं. आमचे चेअरमन टायरवाले. भाताचा वास आत यायच्या आधी सभा संपली पाहिजे, एवढा एकच त्यांचा आग्रह असायचा, आणि तो साहेबांनी कधी मोडला नव्हता.

हे जमायचं कारण सभेचं प्रोसिडिंग आदल्या दिवशीच लिहून तयार असायचं. सूचक कोण, अनुमोदक कोण, 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर', 'अध्यक्षांचे आभार मानून सभा खेळीमेळीत पार पडली', सगळं काळ्या पेनानं, मोत्यासारख्या अक्षरात. एका वर्षी तर गंमतच झाली. लाभांशाच्या ठरावाला ज्यांचं अनुमोदन लिहून झालं होतं, ते सभासद त्याच दिवशी संध्याकाळी वारले. साहेब स्मशानात जाऊन आले, वही उघडून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. भला माणूस होता. जाता जाता अनुमोदन देऊन गेला म्हणायचं."

आता असा माणूस जगाच्या भानगडीत कसा पडला ते सांगते. प्लास्टिकबंदी आली तेव्हा भांडारानं पुन्हा कागदी पुड्या सुरू केल्या. रद्दीचे गठ्ठे यायला लागले. त्यातल्या एका गठ्ठ्यात एक इंग्रजी पुस्तिका निघाली. जगातल्या लोकशाही देशांनी मिळून आपला एक संघ काढावा, असा कुणा परदेशी माणसाचा प्रस्ताव होता तो. साहेबांच्या हाती पुस्तिका लागली तेव्हा तिची मागची अर्धी पानं शेंगदाण्यांबरोबर गिऱ्हाइकांच्या घरी गेलेली होती. म्हणजे संघ कशासाठी काढायचा ते साहेबांना कळलं, आणि तो चालवायचा कसा ते शेंगदाण्याला गेलं. दुसरा कुणी असता तर उरलेल्या पानांत गूळ बांधून मोकळा झाला असता. साहेबांनी निळं पेन काढलं.

"ऱ्हायलेलं मी लिवतो," ते म्हणाले. "पोटनियम लिवण्यात जन्म गेलाय. भांडार काय आणि जग काय, सभासद म्हटलं की समदी सारखीच."

गोदामात तांदळाच्या पोत्यांमागं जगाचा एक नकाशा टांगलेला होता. वह्यांच्या हंगामात कुठल्या तरी कंपनीनं फुकट दिलेला. ग्रीनलंड उंदरांनी खाल्लं होतं, बाकी जग शाबूत होतं. साहेब मालावर भाव लिहायची लेबलं घेऊन एकेका देशावर डकवायला लागले. हिरवं लेबल म्हणजे सभासद. पिवळं म्हणजे नाममात्र सभासद, त्याची दोन वर्षं चालचलणूक बघायची. जिथं निवडणूकच होत नाही त्याला पांढरं, म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं माल खुशाल घ्यावा, पण सभेत बसू नये.

एकदा मी साबणाच्या पेट्या बघायला गोदामात गेले तर साहेब पोत्यावर उभे राहून दक्षिण अमेरिकेकडं बघत होते.

"बाई, उरुग्वेबद्दल तुमचं काय मत हाय?"

"चांगला असेल की, साहेब."

"असंल म्हणून चालत न्हाय. इलेक्शन हरल्यावर खुर्ची सोडत्यात का तिथं?"

मी म्हणाले, सोडत असावेत.

"अनुमोदन?"

मला पेट्या बघायच्या होत्या. मी म्हणाले, "अनुमोदन." त्यांनी अंगठ्यानं दाबून हिरवं लेबल लावलं. आपला प्रवेश कुणाच्या शब्दावर झाला हे त्या देशाला अजून माहीत नाही.

मसुदा वाढत गेला तशी माझी करमणूकही वाढत गेली. पहिलं कलम, एक सभासद एक मत. "शेअर एक असू दे न्हायतर हजार, मत एकच. आपल्या भांडाराला जमतंय ते जगाला जमंना व्हय?" फौज, सोनं, तेल, बॉम्ब, हे सगळे त्यांच्या लेखी शेअर. लागोपाठ तीन सभांना जो देश येणार नाही तो अक्रियाशील सभासद, मग तो किती का मोठा असेना. एकाच घरातले दोघे संचालक मंडळावर नकोत. आणि बाकीच्या सगळ्यांनी मिळून केलेला ठराव एखादा बडा देश एकटाच पाडू शकतो, हे पेपरात वाचलं की त्यांचं डोकं फिरायचं. "एकट्यानं न्हाय म्हटलं की समदं थांबतंय, ती सभा न्हवं, ते सासर," असं ते म्हणायचे. या एका वाक्याला बाईसाहेबांनी दोन्ही हातांनी अनुमोदन दिलं असतं.

पण त्यांचं लाडकं कलम सातवं. 'ज्या राष्ट्राच्या सभेचे इतिवृत्त सभेपूर्वीच लिहून तयार असते, त्या राष्ट्रास संघाचे सभासदत्व मिळणार नाही.' म्हणजे निकाल आधी ठरतो आणि मतदान मागनं होतं असे देश. हे कलम त्यांना दाढी करताना सुचलं होतं. अर्धी दाढी तशीच ठेवून ते लिहून काढलं, असं ते अभिमानानं सांगत.

त्यांच्या निवृत्तीचं साल उजाडलं. ऑगस्टमध्ये त्यांनी सगळा मसुदा माझ्यापुढं ठेवला. मराठीत आणि इंग्रजीत नीट टाइप करायचा, दिल्लीतल्या सगळ्या वकिलातींना पाठवायचा, आणि सोबत भांडाराच्या सहा ठरावांच्या खऱ्या नकला जोडायच्या.

"कुठले सहा ठराव?" मी विचारलं.

"प्रोसिडिंग बुकात हायती. बारावा विषय बगा."

विषयपत्रिकेवर अकरा विषय असायचे. बारावा नुसता शेपटासारखा, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे'. त्यात कधी काही येत नाही असं आम्ही समजत होतो. मी बुक उघडलं. सहा वर्षं ओळीनं, बाराव्या विषयाखाली काळ्या पेनानं लिहिलेलं होतं, 'जगातील लोकशाही राष्ट्रांचा संघ स्थापन व्हावा, अशी ही सभा शिफारस करते. सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' सूचक दरवर्षी निराळा, अनुमोदक निराळा. लॉकडाऊनच्या साली सभा मोबाइलवर झाली होती. निम्म्या सभासदांचे आवाज बंद, उरलेल्यांच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या चालू. त्याही साली सविस्तर चर्चा झालेली होती. एका वर्षी अनुमोदक म्हणून माझंच नाव होतं. आणि प्रत्येक पानाखाली चेअरमनांची सही, टायरवर मारतात तशी ठसठशीत.

माझं हसू थांबेना. नऊशे सभासद सहा वर्षं जगातल्या लोकशाहीच्या मागं उभे होते आणि त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

"साहेब, हे तुम्ही सभेत वाचत होता?"

"वाचायचो की. आभाराच्या आदी. एकदा मंजूर म्हणायला लागली म्हंजे लोकं कुठं ऐकत्यात?"

आता मी मूळचीच आगाऊ. आईनं लहानपणी माझ्या जिभेला डाग द्यायची धमकी उगीच दिली नव्हती. सहा नकला टाइप करून मी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्यावर सातव्या कलमाचा कागद ठेवला. म्हणाले, "साहेब, एक शंका आहे. सातव्या कलमाप्रमाणं आपलं भांडार सभासद होईल, का गिऱ्हाईक?"

शिक्का त्यांच्या हातात होता. तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खिशात ठेवला आणि गोदामात निघून गेले.

दोन दिवस साहेबांनी चहाचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "चहा मागवावा असं मी सुचवते." साहेब बिलांच्या फायलीत डोकं घालून बसले होते. त्यांनी अनुमोदन दिलं नाही. तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या संघाला अख्ख्या जगात त्या सहा पानांखेरीज कुणाचा पाठिंबा नव्हता, आणि मी गंमत म्हणून नेमकं त्याच पानांवर बोट ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, औंदाची सभा खरी घ्यायची."

"म्हणजे कशी?"

"म्हंजे प्रोसिडिंग सभा झाल्यावर लिवायचं. बारावा विषय नीट वाचायचा, चर्चा करायची, हात मोजायचं."

"आणि ठराव पडला तर?"

"पडला तर पडला म्हणून लिवायचं." एवढं ठणकावून बोलले आणि मग जरा वाकून हळू आवाजात म्हणाले, "पडंल का ओ?"

मी म्हणाले, छे, कसा पडेल. दुसरं काय म्हणणार.

चेअरमनांना सांगणं भागच होतं. ते दुकानात आले तेव्हा साहेबांनी बुक उघडून त्यांच्यापुढं धरलं. चेअरमनांनी सहाही पानं चष्मा लावून वाचली.

"ही सही माझी हाय?"

"तुमचीच की."

"सहा येळा? परदेशाच्या ठरावावर? अवो, माझा पासपोर्ट यायचाय अजून. पोलीस इचारपूस करत्यात त्यात."

"काळजी करू नका, चेअरमनसाब," साहेब म्हणाले. "सगळं खेळीमेळीत झालंय म्हणून लिवलंय खाली."

सभा नेहमीप्रमाणं सप्टेंबरातल्या रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये. नेहमीप्रमाणं गणसंख्या भरली नाही, नेहमीप्रमाणं अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच जागी पुन्हा भरली. इथपर्यंत ओळखीचं होतं. मग साहेब उठले आणि म्हणाले, "डबं आदी वाटा. ज्याला डब्यासाठी यायचं हुतं त्यानं डबा घिऊन खुशाल जावा. मागं ऱ्हाईल ती सभा."

असं कधी झालेलं नव्हतं. लोक गोंधळले, मग उठले. दाराशी रेटारेटी झाली आणि पंधरा मिनिटांत हॉलमध्ये सत्तरएक माणसं उरली. त्यात पुढच्या रांगेतले खडे आवाज निम्मे गळाले होते. साहेबांनी पहिला विषय वाचायला घेतला तो इतका सावकाश की सवयीनं "मंजूर" ओरडलेला एक जण एकटाच पडला आणि खाली बघायला लागला. प्रत्येक विषयानंतर साहेब विचारायचे, "कुणाचं काय म्हणणं?" पहिल्या तीन विषयांना कुणाचंच काही नव्हतं. चौथ्याला एकानं तांदळात खडे असतात म्हणून सांगितलं, आणि मग लोकांना वाट सापडली. पाच ते अकरा या विषयांत तेलाच्या पिशव्या, छत्र्यांच्या काड्या, उटण्याचा वास, काउंटरवरच्या टायपिस्टबाईंचा तोरा, सगळं निघालं. माझा तोरा निघाल्यावर साहेब मला म्हणाले, "लिवून घ्या, बाई." मी लिहून घेतलं.

भाताचा वास आत आला तेव्हा बारावा विषय सुरू झाला. साहेबांनी ठराव वाचला. मग सातही कलमं वाचली. मी इतकी वर्षं त्यांना वाचताना ऐकलं, पण ते काय वाचतात हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पहिल्यांदा आक्काताई उठल्या. दरमहा पाच किलो तांदूळ नेतात आणि दरमहा वजनाबद्दल भांडतात त्या. "ह्यो संघ झाला तर आपल्याला काय मिळणार?"

"मिळणार कायबी न्हाय," साहेब म्हणाले. "पण चार भली माणसं गावात एकीनं ऱ्हायली तर गावगुंडाला जरा दम बसतो का न्हाय? तसं."

"भली माणसं एकीनं ऱ्हाईत न्हाईत, हीच तर मुख्य अडचण हाय," आक्काताई म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांचं मत कुठं जाणार ते कळलं.

मग मागून एकानं विचारलं, संघाचं ऑफिस कुठं असणार. साहेबांनी सांगितलं, ते अजून ठरलेलं नाही. त्याबरोबर सभेत जीव आला. दिल्ली नको, तिथं उकडतं. कोल्हापुरात पार्किंगला जागा नाही. शेवटी एकानं उपसूचना मांडली की संघाचं मुख्य कार्यालय पन्हाळ्यावर असावं, हवा थंड आहे आणि परदेशी पाहुण्यांना मटणाची सोय होते. उपसूचनेला एकदम पाच-सहा अनुमोदनं आली. एकमतानं मंजूर झाली. साहेबांचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, जमलं.

तेवढ्यात बागवानचाचा उठले. त्यांचा फळांचा गाडा आहे, आणि भांडाराचे ते फार जुने सभासद.

"सेक्रेटरीसाब, जिथं मतदान न्हाय त्यो देश गिऱ्हाईक, असं म्हटलासा न्हवं?"

"व्हय."

"माझा थोरला दुबईला हाय. बारा वर्सं झाली. तिथं त्येला मत न्हाय. हितं यादीत नाव हाय, पण मतदानाला कदी यायला जमत न्हाय. मग तुमच्या संघात माझा पोरगा कोण? सभासद, का गिऱ्हाईक? का कोनच न्हाय?"

साहेबांनी मसुद्याची पानं पुढं-मागं केली. मला ठाऊक होतं, त्यात उत्तर नव्हतं. त्यांनी देशांना लेबलं लावली होती. माणसांना लावायची राहून गेली होती.

"चाचा," साहेब शेवटी म्हणाले, "मुद्दा बरोबर हाय. ह्येचा इचार मसुद्यात केलेला न्हाय."

"मग आदी करा, मग मत मागा," चाचा म्हणाले. रागानं नव्हे, गिऱ्हाइकाला पिकलेला आंबा उद्या ये म्हणून सांगावं तसं.

मतदान झालं. हात मोजायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं होतं. एका हातात पॅड, दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन मी रांगांमधून फिरले. बाजूनं तेहतीस. विरोधात चौतीस. दोनदा मोजलं, तेवढेच. बाकीचे भाताच्या रांगेत गेलेले होते. साहेबांनी नोकरीत असेपर्यंत शेअर घेतला नव्हता, म्हणून त्यांना मत नव्हतं. मी आकडे वाचून दाखवले आणि साहेबांनी जाहीर केलं, "विषय क्रमांक बारा, एका मताने नामंजूर." म्हणजे आमच्या सभेच्या निर्णयाप्रमाणं लोकशाही राष्ट्रांचा संघ होऊ नये, पण त्याचं ऑफिस पन्हाळ्यावर व्हावं.

सगळे जेवायला गेले. साहेब त्याच टेबलापाशी बसून प्रोसिडिंग लिहायला लागले, काळ्या पेनानं. मी पॅड आवरत होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझा एक शेअर आहे. मलाही मत होतं. माझे दोन्ही हात पॅड-पेन्सिलीत अडकले होते आणि मी सगळ्यांचे हात मोजले, माझा वर करायचा राहिला होता.

"साहेब," मी म्हणाले, "माझं मत राहिलं."

चेअरमन भाताची पत्रावळ घेऊन शेजारीच उभे होते. त्यांनी लगेच हिशेब केला. "म्हंजे चौतीस-चौतीस. मग निर्णायक मत माझं. आन् माझं बाजूनं. सहा वर्सं सही केलीया, आता उलटं कुठं जाऊ? आणा ते बुक हिकडं. शाई वाळली न्हाय अजून."

साहेबांनी वहीवर हात ठेवला. "सभा संपलीया, चेअरमनसाब."

"अवो, तुमचाच ठराव हाय की."

"म्हणूनच."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, तिथंच आलं. सहा वर्षं न झालेल्या सभांची प्रोसिडिंगं लिहिणारा हा माणूस, आणि आज एक खरं मत त्याच्या बाजूचं असून तो ते घालून घेईना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच मला बाई म्हणाले नाहीत.

"रडू नगंस, पोरी. मोजणारीनं निस्तं मोजावं. मसुद्यात आठवं कलम घालतो." मग वही माझ्याकडं वळवून म्हणाले, "बग तरी, अक्षर कसं आलंय." जन्मात पहिल्यांदा लिहिलेला 'नामंजूर' त्यांना फार आवडला होता.

सहा जुन्या नकला त्यांनी फाडून पुड्या बांधायला दिल्या. नव्या पानाची नक्कल मात्र माझ्याकडून टाइप करून घेतली, प्रत्येक प्रतीवर शिक्का मारला आणि वकिलातींकडं जाणाऱ्या मसुद्यांना जोडली. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की हा प्रस्ताव आमच्या सभेत खऱ्या चर्चेअंती एका मतानं पडलेला आहे, तरी आपण विचार करावा. एका चिमुकल्या देशाच्या वकिलातीनं पोच म्हणून डोंगरांची चित्रं असलेलं कॅलेंडर पाठवलं. साहेबांनी ते गोदामात नकाशाशेजारी टांगलं. बाकीच्या देशांची पहिली गैरहजेरी लागली.

निवृत्तीनंतर त्यांची खुर्ची माझ्याकडं आली. पुढच्या वार्षिक सभेला ते एक शेअर घेऊन साधे सभासद म्हणून आले आणि मागच्या रांगेत बसले. डबे आधी वाटायची पद्धत मी तशीच ठेवली होती. मी पहिला विषय वाचायला घेतला, मागील सभेचं इतिवृत्त. मुद्दाम सावकाश वाचत गेले. 'विषय क्रमांक बारा, एका मताने नामंजूर' इथं आल्यावर मी मान वर करून मागं पाहिलं. मागून साहेबांचा आवाज आला, "बरोबर हाय. कायम करा."

आयत्या वेळच्या विषयात त्यांनी हात वर केला आणि ठराव पुन्हा मांडला. बागवानचाचांच्या पोरासाठी नववं कलम घातलेलं होतं. चाचांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि अनुमोदन दिलं. आक्काताई पुन्हा विरोधात बोलल्या, या खेपेस दहा मिनिटं, आणि त्यांच्याही विरोधात दोघं बोलले. मोजायला मी आमच्या काउंटरवरच्या नव्या मुलीला बसवलं होतं. तिला भांडाराचा शेअर नव्हता, हे आधी तपासून घेतलं. या वर्षी साहेबांना मत होतं, मलाही होतं. मी हात वर केला तो चांगला कोपरापासून सरळ.

बाजूनं एकेचाळीस, विरोधात सत्तेचाळीस.

जेवणाच्या रांगेत मी त्यांच्यामागं उभी राहिले. म्हणाले, "साहेब, गेल्या वर्षी एका मतानं पडला होता. या वर्षी सहा मतांनी."

ते मागं वळले. चेहरा असा की जणू उरुग्वेनं स्वतः फोन केलाय.

"एका मतानं पडला तवा मला वाटलं हुतं, लोकांनी निस्तंच हात वर केलं असतील," ते म्हणाले. "सहानं पाडायचं म्हंजे ऐकावं लागतंय की ओ."